जुना लहान डिझेल ट्रॅक्टर पुन्हा उभा करताना: आधी मोजा, मग खोला

शेडच्या कोपऱ्यात चार-पाच वर्षं उभा असलेला एक लहान ट्रॅक्टर डोळ्यासमोर आणा. तीन सिलिंडर, वीस-पंचवीस हॉर्सपॉवर, टायर बसलेले, बॅटरी मेलेली, टाकीचं झाकण काढलं की शिळ्या डिझेलचा आंबूस वास. मालक सांगतो, "इंजिन गेलंय, पूर्ण काम काढावं लागेल." हे वाक्य मी खूपदा ऐकलंय. आणि तपासायला बसल्यावर बहुतेक वेळा इंजिन शाबूत निघालंय. कुठे डिझेल पोहोचत नव्हतं, कुठे लाइनमध्ये हवा धरली होती, कुठे सेल्फ इंजिनाला हव्या त्या वेगाने फिरवत नव्हता.

इंजिन एकदा खोललं की खर्च सुरू होतो, आणि चुकीचं खोललं तर चांगली बसलेली गोष्टही बिघडते. म्हणून या लेखात पाना हातात घेण्याआधीच्या तपासणीवर मी जास्त जागा घालवणार आहे. ती नीट केली तर इंजिन खोलायचं की नाही आणि खोलायचं तर किती, हे ट्रॅक्टरच सांगतो.

डिझेल पेटतं कसं, हे आधी

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेलचं पहिलं नीट चालणारं इंजिन १८९७ मध्ये तयार झालं, तेव्हापासून तत्त्व एकच आहे: हवा इतकी दाबायची की ती तापेल, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारायचा. लहान ट्रॅक्टरांच्या पुष्कळ इंजिनांत हवा मूळ जागेच्या साधारण बाविसाव्या हिश्शात दाबली जाते. उष्णता अजिबात बाहेर गेली नाही असं धरलं, तर ती हवा सातशे अंश सेल्सियसच्याही वर जाईल. प्रत्यक्षात तसं होत नाही. सिलिंडरच्या थंड भिंती उष्णता खातात, पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या फटींतून थोडी हवा निसटते. सेल्फ मंद फिरत असेल तर या दोन्ही गोष्टींना जास्त वेळ मिळतो.

लहान इंजिनाची अडचण इथेच आहे. सिलिंडर जितका लहान, तितकी आतल्या हवेच्या मानाने भिंत जास्त. चहाची वाटी पातेल्यापेक्षा लवकर निवते, तसंच हे. शिवाय अशा बऱ्याच इंजिनांत डिझेल थेट पिस्टनवर न मारता हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणातल्या, एका छोट्या गोल कप्प्यात मारतात. त्यामुळे ज्वलन शांत आणि नीट होतं, पण उष्णता खाणारी भिंत आणखी वाढते. म्हणून त्या कप्प्यात ग्लो प्लग असतो. तो सुरू होण्याआधी काही सेकंद तापून हवेला हात देतो. मोठा ट्रॅक्टर ग्लो प्लगशिवाय सुरू होतो आणि हा लहानगा का होत नाही, असं लोक विचारतात. त्याचं उत्तर या भिंतीत आहे.

तर डिझेल इंजिनाला सुरू व्हायला चार गोष्टी लागतात: पुरेसा वेग, पुरेसा दाब, थंडीत थोडी ऊब, आणि योग्य वेळी योग्य दाबाने आलेलं स्वच्छ डिझेल. हवेची वाट मोकळी हवी हे वेगळं सांगायला नको, पण एअर क्लीनरमध्ये उंदराचं घरटं निघालेलं मी पाहिलंय, म्हणून तो आधी उघडून बघाच. तपासणी मात्र सोप्याकडून अवघडाकडे करायची.

सेल्फ, बॅटरी, ग्लो प्लग

पूर्ण चार्ज झालेली बारा व्होल्टची बॅटरी निवांत असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना मीटर साडेनऊच्या खाली गेला, तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय. मीटर अकराच्या वर राहतो आणि तरी इंजिन रेंगाळत फिरतं, असं असेल तर दोष बहुधा वायरीत. अर्थची वायर जिथे गिअरबॉक्सला बोल्टने बसते ती जागा खरवडून बघा. रंग, गंज आणि ग्रीस यांचा थर तिथे साचलेला असतो. एवढी एक जागा साफ केल्यावर सेल्फचा आवाज बदलतो.

ग्लो प्लग तपासायला त्यांची जोडपट्टी काढून प्रत्येकाचा रेझिस्टन्स मोजा. चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास असतो. मीटरवर काहीच दिसलं नाही तर प्लग आतून तुटलाय. तीनपैकी दोन गेलेले असले, तर इंजिन एका सिलिंडरवर धडपडत सुरू होतं, पांढरा धूर सोडतं आणि मग हळूहळू बाकीचे दोन जागे होतात. प्लग काढताना घाई नको. वर्षानुवर्षं काजळीत बसलेला प्लग जोर लावला की तुटतो आणि टोक हेडमध्ये राहतं. पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, जमल्यास इंजिन कोमट असताना फिरवा.

डिझेलची वाट

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त बिघाड इथे निघतात, म्हणून इथे थांबूया.

टाकीतून डिझेल गाळणीत, गाळणीतून फिल्टरमध्ये, तिथून इंजेक्शन पंपात आणि पंपातून पोलादी नळ्यांनी फवारा मारणाऱ्या नोझलपर्यंत जातं. रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात १९२७ मध्ये अशा पंपांचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं आणि डिझेल इंजिन लहान यंत्रांत बसवणं शक्य झालं. १९३३ मध्ये जपानच्या यानमारने छोटं, व्यवहारात चालणारं डिझेल इंजिन बाजारात आणलं. आज ज्याला आपण लहान ट्रॅक्टर म्हणतो, त्याची मुळं तिथे आहेत. या पंपाच्या आत एक दांडी आणि तिची नळी असते. दोघांमधली फट दोन-तीन मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाच्याही आसपास. एवढ्या फटीत रबरी सील नसतो, धातूच धातूला सील करतो. पाण्याचा एक थेंब तिथे गंज धरतो, धुळीचा एक कण ओरखडा काढतो. म्हणून पंपाकडे जाणारी कुठलीही नळी सोडवण्याआधी बाहेरून सगळं धुऊन घ्या आणि उघडी तोंडं लगेच टोपणाने बंद करा. चिंधीने बंद करू नका, तिचे धागे आत जातात.

उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या टाकीत हवेतला ओलावा थेंब होऊन तळाला बसतो. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या सीमेवर जंतू वाढतात आणि काळपट, शेवाळासारखी साय तयार होते. फिल्टर बदलला, दोन तास चालला, पुन्हा बसला, असं होत असेल तर ही साय शोधा. टाकी उतरवून धुतल्याशिवाय ती जात नाही. वरून नुसतं नवं डिझेल भरून उपयोग नाही.

आता हवा. डिझेल दाबलं जात नाही म्हणायला हरकत नाही, हवा मात्र दाबली जाते. पंपात हवेचा बुडबुडा असला की दांडी त्याच बुडबुड्याला दाबत बसते, नळीत दाब चढत नाही आणि नोझल उघडत नाही. हवा काढायची ती क्रमाने: फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्या, मग पंपावरचा स्क्रू, आणि शेवटी नोझलजवळचे नट अर्धा आटा ढिले करून सेल्फ मारा. डिझेल ठिबकायला लागलं की घट्ट करा. या वेळी हात लांब ठेवा. अशा इंजिनांत नोझल साधारण १२० ते १६० बारला उघडतं. नट ढिला असताना डिझेल नुसतं ठिबकतं, पण फुटलेल्या नळीतून किंवा बाहेर काढलेल्या नोझलमधून येणारा फवारा कातडीतून सरळ आत घुसतो. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत बोट सडू शकतं. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना गाठायचा. गळती शोधायला हाताऐवजी पुठ्ठा धरायचा.

एक ट्रॅक्टर आठवतो. सुरू व्हायचा, वीस मिनिटं उत्तम चालायचा आणि मग दम सोडून बंद पडायचा. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू. माझ्याकडे येईपर्यंत त्याचे तिन्ही नोझल बदलून झाले होते आणि पंपही एकदा उतरवून झाला होता. बंद पडल्याबरोबर मी टाकीचं झाकण फिरवलं, तर टाकीने लांब श्वास घेतल्यासारखा सुस्स आवाज आला. झाकणाला हवा आत येण्यासाठी बारीक छिद्र असतं, ते चिखलाने बुजलं होतं. डिझेल खाली जाईल तशी टाकीत पोकळी तयार होत होती आणि शेवटी ती डिझेलला धरून ठेवत होती. तारेच्या टोकाने छिद्र मोकळं केलं आणि काम संपलं. तेव्हापासून चालता चालता बंद पडणाऱ्या ट्रॅक्टरवर मी आधी झाकण उघडतो.

धूर आणि दाब

इंजिन सुरू झालं की धूर बोलायला लागतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. पांढऱ्यात दोन प्रकार. डोळ्यांना झोंबणारा असेल तर ते न जळलेलं डिझेल: दाब कमी, ग्लो प्लग मेलेला, नोझल ठिबकणारं किंवा टायमिंग (डिझेल मारायची वेळ) चुकलेलं. गोडसर वासाची वाफ असेल तर कूलंट सिलिंडरमध्ये उतरतोय. त्या वेळी थंड इंजिनाचं रेडिएटरचं झाकण काढून सुरू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट फुटलेलं आहे किंवा हेडला तडा आहे. गरम इंजिनावर हे झाकण कधीही उघडायचं नाही.

ऑइल भरायचं झाकण काढून चालत्या इंजिनावर हात धरा. थोडी फुंकर असतेच. वाफेच्या किटलीसारखा झोत धडधडत येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे रिंगांपाशी दाब खाली निसटतोय.

पण डोळा आणि हात यांच्यावर इंजिन खोलायचा निर्णय घेऊ नये. कॉम्प्रेशन गेज लावून आकडा घ्यायचा. पेट्रोल इंजिनाचा गेज इथे चालत नाही, फुटतो. सगळे ग्लो प्लग किंवा सगळे नोझल काढा, डिझेल बंद ठेवा, बॅटरी भरलेली असू द्या आणि प्रत्येक सिलिंडर सारखाच वेळ फिरवा. धडधाकट लहान इंजिन २८ ते ३२ बार, म्हणजे चारशे-साडेचारशे पीएसआयच्या आसपास दाखवतं. खालची मर्यादा त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. तितकंच महत्त्वाचं म्हणजे सिलिंडरांतला फरक: दहा टक्क्यांच्या आत असला तर इंजिन सारखं झिजलंय. एकच सिलिंडर खाली असेल तर दोष त्या एका जागी आहे.

खाली असलेल्या सिलिंडरमध्ये चहाच्या चमच्याएवढं ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली गोल भिंत), कारण ऑइलने तात्पुरती फट बुजवली. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. चमच्याहून जास्त ऑइल टाकू नका. डिझेलमध्ये पिस्टनवर उरणारी जागा इतकी कमी असते की जास्तीचं ऑइल तिथे अडकून कनेक्टिंग रॉड वाकवू शकतं.

यावरून ठरतं. दाब चांगला असेल तर इंजिन खोलू नका. डिझेल, पाणी, वायरिंग, ऑइल यांचं काम करून ट्रॅक्टर चालवा. व्हॉल्व्हचा दोष असेल तर नुसतं हेड उतरवा. रिंग-बोअरचा दोष असेल तेव्हाच पूर्ण इंजिन. व्हॉल्व्हचा टॅपेट गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यामधली फट, मोजून सेट करायचा राहिला होता आणि त्यासाठी हेड उतरवलं, असंही घडतं, म्हणून हेडला हात लावण्याआधी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन तो गॅप बघा.

खोलल्यावर काय बघायचं

ऑइल काढताना ते पांढऱ्या ट्रेमध्ये काढा. उन्हात धरून बघा. तांबूस चमक असेल तर बेअरिंगची वरची कातडी झिजून खालचं ब्राँझ उघडं पडलंय. करडी भुकटी चुंबकाला चिकटली तर लोखंड. दुधाळ असेल तर पाणी. पातळी वाढलेली आणि ऑइल पातळ, डिझेलच्या वासाचं असेल तर डिझेल आत गळतंय. त्या ऑइलवर इंजिन एक मिनिटही चालवू नका, कारण पुढे सांगणार आहे तो धोका तिथूनच येतो.

हेड उतरलं की त्याच्या पोर्टची, म्हणजे हवा-धुराच्या वाटांची, तोंडं वर येतील असं ठेवा, व्हॉल्व्ह बसलेले असतानाच पोर्टमध्ये थोडं डिझेल ओता आणि व्हॉल्व्हच्या कडेला ओल येते का बघत थांबा. पाझरलं तर सीट धरत नाहीये. सरळ पट्टी तिरपी-आडवी-उभी ठेवून खालून फिलर गेज सरकवा. पुष्कळ लहान इंजिनांत ०.०५ मिमीपेक्षा जास्त वाक चालत नाही. दोन व्हॉल्व्हच्या मधली आणि ज्वलनकप्प्याच्या तोंडाजवळची जागा काळजीपूर्वक साफ करा. केसासारखा तडा तिथेच लपतो आणि नवीन गॅस्केट त्याला झाकू शकत नाही.

बोअरच्या वरच्या टोकाला नख फिरवा. रिंग जिथून परत फिरते तिथे झीज सगळ्यात जास्त होते. तिथे ज्वाळा असते, दाब असतो आणि ऑइल सगळ्यात कमी. त्याच्या वर न झिजलेली पायरी राहते. नख अडकलं तर बोअर मोजायलाच हवा: वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या दिशेने एकदा, आडवं एकदा. पिस्टन आडव्या बाजूला जास्त रेटतो, म्हणून बोअर गोल न राहता किंचित लांबट होतो. अनेक लहान इंजिनांत मूळ मापाहून ०.१५ मिमीच्या आसपास वाढ झाली की मर्यादा संपते. मग बोअर करून ०.२५ किंवा ०.५० मिमी मोठा पिस्टन घालायचा, किंवा लाइनर (सिलिंडरमधली बदलता येणारी नळी) बदलायचा. मापात असलेल्या बोअरला नवीन रिंग घालायच्या तर आधी होन करून तिरप्या जाळीसारख्या रेषा पाडून घ्या. आरशासारखा गुळगुळीत बोअर चांगला वाटतो, पण त्यावर ऑइल टिकत नाही आणि नवीन रिंग बसत नाहीत.

नवीन रिंग सरळ पिस्टनवर चढवायची नाही. आधी ती एकटी बोअरमध्ये घाला, पिस्टनच्या डोक्याने खाली ढकलून सरळ करा आणि तोंडाची फट मोजा. ७५ मिमीच्या आसपासच्या बोअरला साधारण ०.२५ ते ०.४५ मिमी. फट कमी पडली तर गरम झालेल्या रिंगची दोन टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग बोअर खरवडते. हे मोजायला तीन सिलिंडरना मिळून अर्धा तास लागतो.

क्रँकच्या बेअरिंगचं मोजमाप मला या सगळ्या कामातलं सगळ्यात सुंदर वाटतं. प्लास्टीगेज म्हणून एक मऊ प्लास्टिकचा धागा मिळतो. त्याचा तुकडा कोरड्या जर्नलवर, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर, आडवा ठेवायचा, कॅप चढवायची, ठरलेल्या टॉर्कने आवळायची, क्रँक अजिबात हलू द्यायची नाही आणि पुन्हा कॅप काढायची. धागा चपटा होऊन पट्टी झालेला असतो. सोबतच्या कागदावरच्या पट्ट्यांशी त्याची रुंदी जुळवली की फट कळते. पट्टी रुंद, तर फट कमी. पट्टी अरुंद राहिली, तर फट जास्त. एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला अरुंद असेल तर जर्नल निमुळतं झिजलंय. फट बहुधा ०.०३ ते ०.०८ मिमीच्या पट्ट्यात असते. तिच्यात ऑइलचा दाबलेला थर उभा राहतो आणि क्रँक त्या थरावर तरंगते. फट वाढली की ऑइल बाजूने सांडतं, थर टिकत नाही आणि धातू धातूला भेटतो.

कॅप आणि कनेक्टिंग रॉड ज्या जागेचे त्याच जागी, त्याच दिशेने परत जातात. खोलतानाच खुणा करा, फोटो काढा. पिस्टनलाही बाजू असते. इंजेक्शन पंपाखालचे पातळ शिम जितके निघाले तितकेच परत घाला, कारण त्यांच्या जाडीवर पुष्कळ पंपांचं टायमिंग ठरतं. टायमिंग गिअरच्या खुणा जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि जुळवल्यावर सेल्फ न मारता क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून बघा. कुठे अडली तर जोर लावायचा नाही, थांबायचं.

हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेर जायचे, तीन टप्प्यांत. बंद भोकांत ऑइल किंवा पाणी साचलेलं असेल तर आधी काढा. बोल्ट त्याला दाबतो आणि ब्लॉक चिरतो. गॅस्केटची जाडीही बघून घ्या. काही इंजिनांत पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून दोन-तीन जाड्यांमधलं गॅस्केट निवडावं लागतं.

पार्ट शोधताना ट्रॅक्टरच्या नावापेक्षा इंजिनावर कोरलेला नंबर कामी येतो. जपानच्या भातशेतीसाठी बनलेले जुने ट्रॅक्टर वापरून झाल्यावर जगभर गेले. त्यांचं मॉडेल कुणाच्या यादीत सापडत नाही, पण त्याच घराण्याचं इंजिन जनरेटरमध्ये किंवा दुसऱ्या यंत्रात असतं आणि त्याचे पार्ट मिळतात.

मधून दोन भाग करताना

ट्रॅक्टरला ट्रकसारखी चासी नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलचं घर हीच त्याची पाठ. त्यामुळे क्लचप्लेट बदलायची तर ट्रॅक्टर मधून वेगळा करावा लागतो. या कामात माणसं चेंगरतात, म्हणून इथे मी आग्रहाने सांगतो: पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर झुलतो. ट्रॅक्टर तुटला की इंजिन त्या पिनवर एका बाजूला कलंडतं. आधी ॲक्सल आणि इंजिन यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोका. मागचा भाग जॅकवर नाही, पक्क्या स्टँडवर ठेवा. मागच्या चाकांना पुढून-मागून ओंडके लावा.

एकदा वेगळा झाला की क्लचप्लेटबरोबर रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील हे तिन्ही बदलून टाका. सीलसाठी पुन्हा ट्रॅक्टर मधून तोडावा लागणं ही मोठी शिक्षा आहे. मात्र दीर्घकाळ उभ्या ट्रॅक्टरची क्लचप्लेट बरेचदा झिजलेली नसते, नुसती गंजाने फ्लायव्हीलला चिकटलेली असते. इंजिन गरम करून, क्लच पूर्ण दाबून, मोकळ्या जागेत सावकाश पुढे-मागे करून ती सुटते का, हे आधी बघा.

हायड्रॉलिक लिफ्टबद्दल थोडक्यात. हॅरी फर्ग्युसनची तीन बिंदूंची जोडणी १९३६ च्या ट्रॅक्टरवर आली आणि आजही लहानात लहान ट्रॅक्टरच्या मागे तीच आहे. इंजिन चालू असताना अवजार उचललं जातं पण बंद करताच खाली येतं, तर लिफ्टच्या पिस्टनचा ओ-रिंग किंवा व्हॉल्व्ह गळतोय. थंडीत ठीक आणि गरम झाल्यावर मंद, तर पंप झिजलाय. घरघर आवाज आणि ऑइलला फेस, तर ओढणाऱ्या बाजूची जाळी बुजलीय किंवा हवा शिरतेय. जाळी साफ करणं फुकटाचं काम आहे, ते पहिलं. गिअरबॉक्स आणि लिफ्टचं ऑइल बहुतेक लहान ट्रॅक्टरांत एकच असतं. ते दुधाळ झालं असेल तर एकदा बदलून भागत नाही, थोडं चालवून पुन्हा बदला. उचललेल्या अवजाराखाली हात किंवा डोकं घालू नका, खाली टेकू दिल्याशिवाय.

रेडिएटरची जाळी पंख्याच्या बाजूने पुढे धुवा. भुसा ज्या वाटेने आला त्याच वाटेने बाहेर गेला पाहिजे. काही जुन्या लहान ट्रॅक्टरांत पाण्याचा पंपच नसतो: गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, थंड खाली उतरतं, एवढ्यावर इंजिन निवतं. अशा इंजिनात पाण्याची पातळी थोडी जरी उतरली तरी चक्र तुटतं.

पहिली सुरुवात

डिझेल बंद ठेवून, ऑइलच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत थोड्या-थोड्या वेळाने सेल्फ मारा, मधे त्याला निवू द्या. आणि सुरू करण्याआधी हवा आत घेणाऱ्या पाइपाच्या तोंडावर बसेल अशी सपाट जाड फळी हाताशी ठेवा. पंपाची रॅक (डिझेल किती जायचं ते ठरवणारी दांडी) अडकली किंवा इंजिन स्वतःचं ऑइल ओढून जाळायला लागलं, तर वेग वाढतच जातो आणि चावी फिरवून ते थांबत नाही. हवा तोडली तरच थांबतं. तळहाताने तोंड बंद करायचा मोह धरू नका, फळीच वापरा. दुसरा माणूस जवळ असू द्या आणि कोणी काय करायचं ते आधी बोलून ठेवा.

सुरू झाल्यावर ऑइलचा दाब, गळती, पाण्याचं तापमान बघा आणि मग त्याला कामाला लावा. नवीन रिंगना तासन्‌तास मंद चालवून जपणारे लोक त्यांचं नुकसान करतात. रिंग बोअरवर दाबली जाते ती तिच्यामागे शिरणाऱ्या वायूच्या दाबाने. ओझं नसेल तर तो दाब नाही, रिंग नुसती घासत राहते, बोअर चकाकतो आणि ऑइल जळत राहतं. इंजिन गरम झालं की मध्यम ओझं द्या, वेग बदलत राहा, पूर्ण दमावर खेचू नका.

पन्नास तासांच्या आसपास ऑइल आणि फिल्टर बदला, टॅपेट पुन्हा तपासा, गॅस्केट बनवणाऱ्याने सांगितलं असेल तर हेडचा टॉर्कही. निघालेलं ऑइल पुन्हा त्याच पांढऱ्या ट्रेमध्ये काढा. होनिंगची थोडी करडी भुकटी दिसेल, ती अपेक्षित आहे. तांबूस चमक दिसली तर ट्रॅक्टर कामावर परत पाठवू नका, खालचं पॅन उतरवून बेअरिंग बघा.